माळकऱ्याचा काटा

धोंडीरामानं बाभळीच्या काठीचं टोक माशाच्या पोटाखाली सारलं आणि त्याला पाण्याकडं ढकललं. मासा वीतभरही नव्हता. चिखलावरून घसरत तो कडेपर्यंत गेला, तिथंच आडवा पडला आणि तोंड उघडझाप करू लागला. धोंडीरामानं पुन्हा काठी लावली. या खेपेला मासा पाण्यात गेला, पण उताणाच तरंगला.

"काका, हातानं उचलून टाका की," घडीच्या खुर्चीवर बसलेला गळवाला म्हणाला. "चावत नाही तो."

शेजारच्या खुर्च्यांवरचे हसले. पुढं लोंबणारी तुळशीची माळ धोंडीरामानं सदऱ्याच्या आत सारली, काठीचं टोक मातीत घासून पुसलं आणि तो पुढच्या खुर्चीकडं गेला. सडका चिखल, माशांची चिकटी, आमिषाला आणलेलं शिळं मटण, या सगळ्यांचा मिळून एक वास दर रविवारी त्या तलावावर धरायचा. तो नाकातून घशात उतरायचा आणि सोमवारी दुपारपर्यंत तिथंच मुक्काम करायचा.

माळकरी माणूस मासे मोजायला! हा इरसाल बेत आप्पारावाशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलाच नसता. आप्पाराव गावातला मोठा बागायतदार आणि मच्छीमार सहकारी संस्थेचा चेअरमन. जन्मात कधी त्यानं जाळं हातात धरलं नव्हतं, पण सहकारात असल्या गोष्टी कोण विचारत बसतो? लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले आणि तलाव आटत आटत मधल्या डोहापुरता उरला. बीजाचे मासे पुढच्या पावसापर्यंत जगावेत म्हणून संस्थेनं जाळी बंद केली. भोयांच्या होड्या भेगाळलेल्या मातीवर पालथ्या पडल्या, त्यांची तरणी माणसं टोळ्यांबरोबर ऊस तोडायला गेली. आणि मग आप्पारावानं तोच डोह रविवारपुरता शहरातल्या हौशी गळवाल्यांना उघडून दिला. हौशी लोक आहेत, नेऊन नेऊन किती नेतील, असं तो म्हणाला. माणशी दोन मासे, पैसे वजनावर. काठीवरच्या खाचेपेक्षा लहान मासा सापडला तर परत पाण्यात.

हे बघायचं कुणी? भोयांना ठेवलं तर ते घरी मासे नेतील, अशी शहरवाल्यांची कुरकुर. दुसऱ्या कुणाला ठेवलं तर तो गळवाल्यांशी संगनमत करील, अशी भोयांची. आप्पारावानं धोंडीरामाचं नाव काढलं. हा माणूस मासा खात नाही, माशाला शिवत नाही, खोटं बोलत नाही. आता बोला. दोन्ही बाजू गप्प झाल्या. बाभळीच्या फांदीला काटा टांगला गेला. गळवाल्यानं आपला मासा आपणच आकड्याला अडकवायचा, धोंडीरामानं लांबून वजन वाचायचं. "माळकऱ्याचा काटा हाय आमच्याकडं," असं आप्पाराव गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, जसं काही ते इमान त्यानं स्वतःच कमावलं होतं.

धोंडीरामाला यात पैसा नको होता. त्याला पाणी हवं होतं. डोहाभोवती संस्थेनं काट्यांचं कुंपण घातलं होतं आणि गावातली सगळी जनावरं पाटोद्याच्या पल्याड छावणीत गेली होती. धोंडीरामाची गाय तेवढी मागं राहिली. त्याच्या बायकोच्या, बायनाबाईच्या, भावानं उमापूरहून कालवड म्हणून आणून दिलेली ती गाय आता गाभण होती, दिवस भरत आले होते. मागच्या वेताला वासरू आडवं आलं होतं. या वेळी हिला उन्हाचं लांब चालवाल तर दोन्ही जिवांना मुकाल, असं डॉक्टरानं बजावलं होतं. काटा धरायच्या बदल्यात गाईला रोज सकाळी डोहावर पाणी, असं आप्पारावाशी ठरलं. दुष्काळात याहून मोठा पगार कुणाला मिळाला असेल?

पहिले काही रविवार त्याला माशांचीच किळस आली. घरी आला की तो अंगणातच थांबायचा. बायनाबाई राख आणि चिंच आणून द्यायची, तो हात चोळायचा, जरी हात माशाला लागलेलेच नसायचे. नंतर नंतर किळस जागा बदलायला लागली. गळवाले कणकेत हिंग आणि गूळ कालवून त्याचे गोळे आणायचे आणि मुठीमुठीनं पाण्यात फेकायचे. तिकडं वेशीत टँकरची वाट बघत घागरींची रांग लागलेली असायची, आणि इकडं हे लोक हाताची चिकटी विकतच्या बाटलीतल्या पाण्यानं धुवायचे. एकजण तर बाटलीभर पाण्यानं बूट धुताना त्यानं पाहिला. धोंडीराम थुंकायला म्हणून बाजूला गेला, पण तोंड कोरडं पडलं होतं.

डोहाच्या कडेला साती आसरा होत्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. गावानं मांडलेले सात गुळगुळीत दगड, मोठ्या लिंबाएवढे, शेंदरानं माखलेले. आसरांचे पाय पाण्यात असले पाहिजेत, अशी गावची रीत. त्यामुळं पाणी मागं सरकलं की बायनाबाई शुक्रवारी तिथं जायची, सातही दगड ओच्यात घ्यायची आणि नव्या कडेला नेऊन ओळीनं मांडायची. हळदकुंकू लावायची. दोन वर्षांत त्या देवी बांधापासून चालत चालत थेट डोहापर्यंत आल्या होत्या. आता गळवाल्यांच्या खुर्च्या त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर मांडल्या जायच्या आणि कुणी कुणी चहाचा कप त्यांच्याशेजारी टेकवायचा.

चैत्रात आप्पारावाचा वाढदिवस आला. वेशीत फलक लागला: भव्य हौशी गळ स्पर्धा. फलकावर हात जोडलेला आप्पाराव, आणि त्याच्या खाली पाणी जपून वापरा असा उपदेश. ज्याचा मासा सगळ्यांत जड, त्याला माणसाच्या छातीएवढी ढाल मिळणार होती. त्या दिवसापुरती दोन माशांची अट उठवली. बीजाच्या माशांचं काय, असं सटवा भोयानं विचारलं. ऊसतोडीला न गेलेला, गुडघ्यांनी अधू झालेला, म्हाताऱ्याकोताऱ्यांखेरीज तो एकटाच भोई गावात उरला होता. वाढदिवस रोज येतो का, असं आप्पारावानं त्यालाच उलट विचारलं आणि मासे साफ करायच्या कामावर बसवलं.

दुपारपर्यंत पाटोद्याचा रामहरी पुढं होता. त्याचं सायकलचं दुकान होतं. खुर्ची नाही, छत्री नाही, डोक्यावर ओला टॉवेल टाकून हा माणूस सकाळपासून एका जागी उकिडवा बसला होता आणि त्यानं चांगला दांडगा रोहू काढला होता. उन्हं कलायला लागली तेव्हा सुंदररावाचा ड्रायव्हर दोन्ही हातांवर कटला मासा घेऊन आला. सुंदरराव म्हणजे आप्पारावाचा व्याही, आष्टीकडचा खडीचा ठेकेदार. तो स्वतः मंडपातल्या पंख्याखाली बसला होता. त्याच्या वतीनं गळही ड्रायव्हरनंच धरला होता.

ड्रायव्हरनं मासा आकड्याला अडकवला. मासा गरकन फिरला आणि आत कुठंतरी कट्ट असं वाजलं. काट्याची स्प्रिंग असेल, असं धोंडीरामाला वाटलं. त्यानं नेहमीसारखं लांबून वजन वाचलं. रोहूपेक्षा सरळ किलोभर जास्त.

"माळकऱ्याचा काटा हाय," आप्पाराव माईकवरून म्हणाला. "ह्याच्यावर अपील न्हाई."

टाळ्या पडल्या. रामहरीनं माशाकडं पाहिलंच नाही, तो धोंडीरामाकडं बघत होता.

"तात्या, नीट बघितलं न्हवं?"

"बघितलं," धोंडीराम म्हणाला. आणि त्या घटकेला ते खरंच होतं.

सगळे मंडपाकडं गेले. कटला पोत्यावर पडून राहिला. धोंडीराम काटा उतरवायला वळला तेव्हा त्याला माशाच्या ओठावर लाल दिसलं. रक्त म्हणावं तर ते ओघळत नव्हतं. माशी त्याच्यावर बसून उडाली, तरी ते तसंच, जाड, तेलकट. दुपारी काठी घेऊन कडेनं फिरताना त्याला आसरांच्या ओळीत सहाच दगड दिसले होते. कुत्र्यानं उकरला असेल असं म्हणून तो पुढं गेला होता.

सटवा सुरी घेऊन पोत्याशी येऊन बसला.

"तात्या, ऱ्हाऊ द्या," तो हळू आवाजात म्हणाला. "मी काढतो काय हाय ते."

"तुला म्हाईत हाय?"

"पोट बघितलं की कळतं. पर मला कोण इचारतंय?"

धोंडीराम खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माशाला हात लावला. डाव्या हातानं त्यानं जबडा धरला आणि उजवा हात आत घातला. आत गार होतं, बुळबुळीत होतं, आणि कल्ल्यांचे कंगोरे मनगटाला खरवडत होते. तोंड एका बाजूला फिरवून त्यानं हात आणखी आत सारला. पहिल्यांदा खडीचे काळे तुकडे आले, एकामागून एक. मग गुळगुळीत काहीतरी बोटांना लागलं, निसटलं, पुन्हा लागलं. त्यानं ते बाहेर काढलं. शेंदूर अर्धा निघाला होता आणि उरलेल्या अर्ध्यावर माशाची चिकटी चढली होती.

वजन वाढवायला आणलेली खडी संपली म्हणून ड्रायव्हरनं हाताशी आलेला दगड कोंबला असणार. माळकऱ्याचा हात माशाच्या तोंडात कधी जाणार नाही, हे तर सगळ्या तालुक्याला माहीत होतं. शी! त्याच भरवशावर हे झालं होतं. खडीच्या भरवशावर नव्हे, त्याच्या माळेच्या.

तो दगड मुठीत घेऊन मंडपामागं गेला. आप्पाराव ताटावर बसला होता, बोटं रश्शात माखलेली. धोंडीरामानं मूठ उघडली. आप्पारावानं बघितलं, त्याला सगळं समजलं, आणि त्यानं पाहुण्यांकडं पाठ करून आवाज खाली आणला.

"काट्यानं खोटं सांगितलं का?"

"न्हाई."

"तू खोटं वाचलं का?"

"न्हाई, पर..."

"मग तुझ्या माळंला कावून कमीपणा येतोय? व्याही हाय माझा. भर मंडपात त्याचं नाक कापू का?"

"आप्पा, ही आसरा हाय."

आप्पारावाचा हात क्षणभर ताटावर थांबला. मग त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

"धुऊन ठिव जागंवर. ड्रायव्हर शहरातलं पोरगं, त्याला काय कळतंय." आणि मग अगदी मायेनं, घरच्या माणसाची चौकशी करावी तसं त्यानं विचारलं, "गाय कधी विणार हाय?"

"म्हैन्याच्या आतच."

"जप तिला. लई ऊन हाय. चालवू नको."

धोंडीरामानं मूठ मिटली. डोहावर जाऊन त्यानं तो दगड धुतला, पुन्हा धुतला, आणि ओळीत त्याच्या जागी ठेवला. एवढ्यात माईकवरून त्याच्याच नावाचा पुकारा झाला. सुंदररावाला ढाल दिल्यानंतर इमानदार माळकऱ्याचा सत्कार होता. ओल्या हातांनी तो स्टेजवर उभा राहिला. त्याला टोपी घातली गेली, खांद्यावर टॉवेल पडला, हातात नारळ आला. सुंदररावानं त्याच्या पाठीवर थाप मारली. समोर सगळे टाळ्या वाजवत होते. रामहरी तेवढा आपल्या काठीला गळाचा दोरा गुंडाळत होता.

घरी आल्यावर त्यानं राखेनं हात घासला. चिंचेनं घासला. मग चिमणीतलं रॉकेल ओतून घासला. वास गेला नाही. कदाचित वास नव्हताच, कुणी सांगावं, पण भाकरीचा घास तोंडाजवळ नेला की त्याला ते गार, बुळबुळीत आतलं आठवायचं आणि घास खाली यायचा. भूक नाही म्हणून त्यानं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी तो डाव्या हातानं जेवायला बसला. बायनाबाईनं ते पाहिलं.

शुक्रवारी ती आसरांना हळदकुंकू करून आली. ओटीवर बसली, पदरानं घाम पुसला.

"अवं, एका आसरेला माशाचा वास येतोय," ती म्हणाली. "शेंदूर बी खरवडलाय."

धोंडीराम दावं वळत होता. त्यानं दावं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. कट्ट असा आवाज सांगितला, ओठावरचं लाल सांगितलं, मंडपामागचं बोलणं सांगितलं. सांगताना तो एकदाही वर बघत नव्हता. बायनाबाई शेवटपर्यंत ऐकत राहिली. दोरीवर नवा टॉवेल वाळत होता. तिची नजर तिथं गेली आणि तिथंच राहिली.

"आन तुमी टावेल घिऊन आलात," ती म्हणाली.

एवढंच. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठून गाईकडं गेली, तिच्या पोटावरून हात फिरवत बराच वेळ उभी राहिली. धोंडीरामानं गळ्यातली माळ काढली. बापाच्या हातानं घातलेली माळ ती, मग दोनदा मणी बदलले, पण गळा कधी रिकामा राहिला नव्हता. त्यानं ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी पारावर बातमी झाली की धोंडीरामानं माळ उतरवली, मासे खायला लागला. दोघातिघांनी त्याला तोंडावर विचारलं. त्यानं नाही म्हटलं नाही. जे केलं ते सांगण्यापेक्षा मासे खाल्ले म्हणवून घेणं त्याला सोपं वाटलं.

रविवारी पहाटेच्या गारव्यात तो उठला तेव्हा चूल पेटलेली होती. बायनाबाई भाकरी थापत होती, दोघांना एका वेळेला लागतात त्याहून कितीतरी जास्त. कोपऱ्यात एक घोंगडी गुंडाळून ठेवली होती, तिच्यावर गाईची घंटा आणि पाण्याची कळशी.

"छावणीकडं सकाळी आन सांजंचं चालू," ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "दुपारी झाडाखाली थांबू. हळू गेलं की जमतंय."

"आन न्हाई जमलं तर?"

भाकरी तव्यावरून काढून तिनं विस्तवाशी उभी केली.

धोंडीराम डोहावर पोचला तेव्हा गाड्या येऊन लागल्या होत्या. खुर्च्या मांडल्या होत्या. बायनाबाईनं गाईला पाण्यावर नेलं आणि तिला पोटभर, सावकाश पिऊ दिलं. गळवाल्यांपैकी एकानं गाय बाजूला घ्यायला सांगितलं, मासे बुजतात म्हणाला. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. गाईनं मान वर केली तेव्हा ती तिला घेऊन बांध चढायला लागली. तोवर इकडं बाभळीला काटा टांगून झाला होता आणि पहिले दोनतीन गळवाले मासे घेऊन रांगेत उभे राहिले होते.

आप्पाराव पाहुण्यांना घेऊन आला. सकाळचा नाष्टा करूनच आला होता, बोटांना तळलेल्या माशाचा वास होता. काट्याकडं हात करून तो नेहमीचं वाक्य बोलायला लागला आणि मध्येच थांबला.

"माळ कुठाय बे?"

"काढली."

"कावून?"

"हाताला वास येतोय."

आप्पाराव हसला. पाहुणेही हसले, त्यांना काही कळलं नव्हतं तरी. आप्पारावानं धोंडीरामाचा दंड धरून त्याला जवळ ओढलं.

"आरं, माळ गळ्यात असती, हातात न्हाई. घाल ती. माळंबिगर तुझ्या काट्यावर कोण इश्वास ठेवतंय? लोखंडाचे काटे बाजारात पडलेत की." मग त्यानं बांधाकडं बघितलं. "गाय पाणी पिऊन गेली न्हवं आज?"

"पिली."

"मग?"

धोंडीरामानं खिशात हात घातला. माळ बाहेर काढली. ती गळ्यात जाणार म्हणून आप्पारावानं त्याचा दंड सोडला. धोंडीराम बाभळीखाली गेला, रांगेतल्या पहिल्या माणसाला थोडं सरकायला सांगितलं आणि काट्याच्या आकड्याला, माशाचे कल्ले अडकवतात तिथं, माळ अडकवली.

"तुमाला हीच पायजे व्हती," तो म्हणाला. "ठिवा."

टॉवेलही त्यानं आणला होता, घडी घालून. तो काट्याखालच्या दगडावर ठेवला आणि तो बांधाकडं चालू लागला. आप्पारावानं मागून हाक मारली नाही. त्याचा हात माळेकडं गेला आणि बोटभर अंतरावर थांबला. त्यानं स्वतःच्या बोटांकडं पाहिलं.

"सटवा," तो म्हणाला. "काढ ती."

सटवा पोत्यावरून उठला. हातांना खवले चिकटले होते, ते त्यानं धोतराला पुसले. हात उलटेपालटे करून बघितले. पुन्हा पुसले. मग त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि तसाच उभा राहिला.

बांधावर गाय थोडं चालली आणि थांबली. धोंडीरामानं घोंगडी आपल्या खांद्यावर घेतली. बायनाबाई गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, तिनं घाई केली नाही. खाली काट्यापाशी रांग तशीच खोळंबली होती आणि पहिल्या माणसाच्या हातातला मासा अजून तोंड उघडझाप करत होता.